धरणगावचा फौजदार, लखनौचा सेनापती

चाळीसगावहून कन्नडकडे निघालं की गौताळ्याच्या डोंगरात औट्रम घाट लागतो. मालमोटारींच्या रांगा आणि पावसाळ्यातल्या दरडी यांसाठी तो बदनाम आहे, आणि शेजारच्या अभयारण्याच्या नावातही गौताळ्याच्या जोडीला औट्रमघाट आहेच. ज्या जेम्स औट्रमवरून हे नाव आलं म्हणतात, त्याचा कारभार मुळात या घाटावर नव्हता. १८२५ साली कंपनी सरकारने खानदेशातल्या भिल्लांसाठी तीन एजन्स्या काढल्या. वायव्येची रिग्बीकडे आणि दक्षिणेची, म्हणजे कन्नडची, ओव्हन्सकडे गेली. बावीस वर्षांच्या औट्रमच्या वाट्याला ईशान्येचा मुलूख आणि धरणगावला उभी करायची भिल्लांची पलटण आली. या घाटाखालच्या भिल्लांना वसवण्याची खटपट ओव्हन्सने केली, आणि पाटीवर नाव चढलं शेजारच्याचं. कारण उघड आहे. औट्रम पुढे इराणच्या मोहिमेचा आणि लखनौचा सेनापती झाला, सरदारकी मिळवून वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. त्यामुळे त्याच्या चरित्रांत खानदेशची दहा वर्षं नाटकाआधीच्या नांदीसारखी येतात: तरुण साहेब जंगलात गेला, वाघ मारले, भिल्लांना जिंकलं, आणि मग खरं काम सुरू झालं. माझं म्हणणं उलट आहे. या माणसाने युद्धात जे शहाणपण दाखवलं ते बहुतेक सगळं खानदेशातल्या पोलिसी कामात कमावलेलं होतं. आणि जिथे तो चुकला, तिथे सातपुड्यात स्वतःच वापरलेला हिशेब त्याने बाजूला ठेवलेला दिसतो.

त्या कामाचं स्वरूप समजायचं तर आधी खानदेश ही सरहद्द कशी होती ते पाहावं लागतं. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे होळकरांचा मुलूख, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि तिच्या माथ्यावर निजामाचा अंमल, पश्चिमेला डांग. मधे तापीचं सुपीक खोरं. डोंगरातून उतरावं, गावं लुटावीत आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरावं, इतकं सोपं दुसरीकडे क्वचितच असेल. पण भिल्ल म्हणजे जन्मजात दरोडेखोर ही इंग्रजी दप्तरातली समजूत त्याच दप्तरातल्या पुराव्यावर टिकत नाही. मराठी अंमलात खेड्याची राखण करणारा जागल्या खानदेशात बहुधा भिल्लच असे. घाटाची रखवाली डोंगरातल्या नाईकाकडे असे आणि त्याबद्दल त्याचा हक्क ठरलेला असे. वाटसरू लुटला गेला तर जाब नाईकाला. म्हणजे ज्याला पुढे चोर म्हटलं, तो त्या व्यवस्थेतला पोलिसच होता.

ही घडी एकोणिसावं शतक उजाडताना मोडली. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, पिंढारी आले, अरब शिबंद्या गढ्या धरून बसल्या. गावंच ओस पडली तेव्हा जागल्याला हक्क द्यायचा कोणी? राखणदार लुटारू झाले. पेशव्यांच्या सरदारांनी त्यावर काढलेला इलाज असा, की कौल देऊन, अभय देऊन भिल्लांना बोलवायचं आणि एकत्र जमले की कापून काढायचं. १८०४ साली कोपरगावला बाळाजी लक्ष्मणाने हेच केलं. प्रेतं विहिरींत टाकल्याची नोंद आहे. धरणगावलाही अशी कत्तल झाली होती. जिथे पुढे भिल्लांची पलटण उभी करायची होती, ते हेच धरणगाव. सरकारने बोलावलं, खायला-प्यायला देतो म्हणालं, म्हणजे आता मारणार, हा त्या मुलखातल्या भिल्लांचा अनुभव होता. त्यांचा संशय रानटी नव्हता, तो अगदी ताज्या आठवणीचा होता.

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला तो मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांशी मोठी लढाई करून. भिल्लांशी मात्र त्यांची सात वर्षं लढाई चाललीच राहिली. पहिला कलेक्टर ब्रिग्ज याने घाट रोखले, रसद तोडली, काही नाईकांना नेमणुका कबूल केल्या, काहींना फासावर चढवलं. एक टोळी मोडली की दुसरी उठे. डोंगरातल्या हवेने गोरे आणि काळे दोन्ही शिपाई तापाने मरत. अखेर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने ठरवलं, की बंडखोरांना माफी द्यावी, जमिनी आणि तगाई देऊन शेतीला लावावं आणि त्यातल्याच धडधाकटांची पलटण करून मुलखाची राखण त्यांच्याकडे द्यावी. नीट पाहिलं तर यात नवं फारसं काही नव्हतं. मोडलेल्या मराठी रखवालीला गणवेश चढवायचा, इतकंच. तेव्हा या योजनेचं श्रेय औट्रमला देऊ नये, हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण कागदावरची योजना आणि डोंगरात शिरून भिल्लाला रांगेत उभं करणं यांत बरंच अंतर होतं, आणि ते अंतर औट्रमने कापलं.

त्याने सुरुवात गोडीने केली नाही. १८२५ च्या एप्रिलमध्ये त्याने मुल्हेरच्या बंडवाल्यांवर रात्री छापा घालून किल्ला घेतला होता. पलटणीची कामगिरी त्यानंतरची. आधी त्याने आपल्या तेविसाव्या पलटणीचे थोडे शिपाई घेऊन टोळ्यांना हुसकलं, काही माणसं धरली आणि धरलेल्यांच्या मार्फत नाईकांशी बोलणं लावलं. मग एकटा, पहारा न घेता त्यांच्या पाड्यांवर जाऊन राहू लागला. ब्रँडी सढळ हाताने पाजली, हे त्याने स्वतःच कबूल करून ठेवलंय. इतकं करून त्याच्या हाती लागले पाच जण. पाच! आपण याच आकड्याकडे पाहावं. जो प्रांत सात वर्षं फौजांना दबला नव्हता, तिथली भिल्ल पलटण पाच माणसांनी सुरू झाली आणि या पाचांना काही झालं नाही हे पाहून पुढचे आले. वर्षभरात त्यांची संख्या शेकड्यांत गेली.

या पलटणीची मालेगावची एक हकीकत मला कुठल्याही लढाईपेक्षा महत्त्वाची वाटते. औट्रमने आपले नवे भिल्ल शिपाई मालेगावच्या छावणीत नेले. तिथे कंपनीच्या पलटणीतले शिपाई म्हणजे जातीपातीचे कडक, आणि भिल्ल म्हणजे कालपर्यंत ज्यांच्यावर बंदुका रोखल्या ते. पण औट्रमच्या जुन्या पलटणीतल्या शिपायांनी या पाहुण्यांना हिणवलं नाही. शेजारी बसवलं, पानसुपारी दिली. ज्यांच्या बापजाद्यांना अभय देऊन कापलं होतं, त्यांना सरकारी छावणीत विडा मिळाला आणि ते जिवंत परत आले. विडा देणं याचा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको. ही बातमी डोंगरात किती भराभर पसरली असेल याचा अंदाज करता येतो. इंग्रज चरित्रकार याला शिपायांचं औदार्य म्हणतात, आणि ते असेलही. पण त्यामागे अधिकाऱ्याची तयारी असणार, कारण असली गोष्ट छावणीत आपोआप घडत नाही.

इथे नेहमीचं म्हणणं असं, की हे सगळं औट्रमच्या व्यक्तिमत्त्वाचं गारुड होतं. तो धीट होता यात शंका नाही. दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीत तो हजर होता आणि वाघ मारणाऱ्याला डोंगरात मान असतोच. त्याच्या मागे काही जुन्या भिल्ल शिपायांना त्याच्यासारखी दिसणारी एक ओबडधोबड मूर्ती सापडली आणि ते तिची औट्रमसाहेब म्हणून पूजा करू लागले, अशीही गोष्ट सांगतात. असल्या गोष्टींवर मी जपूनच विश्वास ठेवतो; साहेबाला देव करणारे नेटिव्ह हा त्या काळच्या इंग्रज वाचकाचा आवडता खाऊ होता. गारुडच असतं तर ते औट्रमच्या मुलखापुरतं राहिलं असतं. पण रिग्बी आणि ओव्हन्स यांच्याकडे ना १९१ वाघ, ना मूर्ती. तरी त्यांच्या एजन्स्यांतही नांगर चालू लागले. १८२८ साली कलेक्टरने लिहिलं, की वीस वर्षांत पहिल्यांदा जिल्ह्याला सहा महिने स्वस्थता मिळाली. ही स्वस्थता वेळेवर मिळणाऱ्या पगाराची, तगाईच्या बैलांची आणि मोडल्या न गेलेल्या माफीची होती. औट्रमचा गुण इतकाच, की त्याने दिलेला शब्द मोडू दिला नाही आणि हा हिशेब त्याला नेमका कळला होता: रानात मोकळा असलेला नाईक महाग पडतो, जमिनीवर बसलेला स्वस्त.

तो मवाळ होता असा मात्र याचा अर्थ नव्हे. १८३० मध्ये त्याने डांगात पलटण घुसवली. पुढच्या वर्षी यावल भागातल्या दरोड्यांच्या तपासात ४६९ माणसं पकडली, त्यांतली १५८ खटल्यासाठी पाठवली. ज्या तीनशेजणांना सोडलं त्यांना विनाकारण बेड्या पडल्या होत्या, आणि आज अशी धरपकड झाली तर आपण तिला काय म्हणू हे सांगायला नको. शिवाय भिल्लाकडून भिल्लाला धरवणं हा या पलटणीचा पायाच होता. पण धाक आणि माफी या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातात असाव्यात, धाक दाखवला की लगेच परतीची वाट उघडी ठेवावी, हे तो याच कामात शिकला. साध्या फौजेला ते शिकायची गरज नसते. फौज शत्रूला मोडते आणि पुढे सरकते. घाटावरच्या फौजदाराला उद्या त्याच माणसाच्या शेजारी राहायचं असतं.

कोणी म्हणेल, औट्रम मुळात लष्करी अधिकारीच होता. १८१९ मध्ये सोळाव्या वर्षी तो कॅडेट म्हणून मुंबईला उतरला, मग पोलिसाचा सैनिक झाला हे म्हणणंच चुकीचं. हुद्दा लष्करी होता हे खरं. पण त्या काळी कंपनीचा कोण अधिकारी लष्करी नव्हता? माणूस घडतो तो रोजच्या कामाने, आणि १८२५ ते १८३५ औट्रमचं रोजचं काम माग काढणं, जामीन घेणं, भांडणं मिटवणं, जमिनी वाटणं हे होतं. त्यानंतर गुजरातेतल्या महीकांठ्यातही तेच. आणि तिथे त्याच्या दांडगाईबद्दल वरिष्ठांची नाराजी त्याला सोसावी लागली. पहिल्या खऱ्या युद्धावर तो गेला १८३८ मध्ये, अफगाणिस्तानात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तिथेही त्याला मिळालेली कामं पाहावीत: पळालेला अफगाण अमीर दोस्त महंमद याचा पाठलाग, बंडखोर टोळ्यांचा बंदोबस्त. नोव्हेंबर १८३९ मध्ये कलात पडल्यावर तो वेषांतर करून अनोळखी वाटेने समुद्रकाठच्या सोनमियानीला पोचला; सुमारे ३५५ मैल, आठ दिवसांत. मोठ्या कवायती फौजेतला सेनापती असला उद्योग करत नाही. हे खानदेशातल्या माग काढण्याचंच लांबवलेलं टोक होतं.

सिंधमध्ये फौजदार आणि सैनिक यांची उघड टक्कर झाली. औट्रम तिथे राजकीय एजंट होता. तिथल्या सत्ताधारी मीरांशी तह करून, समजुतीने राहता येईल असं त्याचं मत होतं. १८४२ मध्ये सेनापती म्हणून चार्ल्स नेपियर आला. त्यानेच सक्करच्या मेजवानीत औट्रमची तुलना बेयार्ड या निष्कलंक फ्रेंच सरदाराशी केली, आणि काही महिन्यांतच दोघे एकमेकांचे वैरी झाले. नेपियरला युद्ध हवं होतं, औट्रम बोलणी लांबवत होता. १५ फेब्रुवारी १८४३ ला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. औट्रमने शंभरेक माणसांनिशी काही तास तो थोपवला आणि नदीतल्या आगबोटीवर माघार घेतली. दोन दिवसांनी मियानीची लढाई झाली आणि सिंध गेलं. औट्रम भोळा ठरला, मीर त्याला झुलवत होते, हा नेपियरच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. हल्ला झाला तो औट्रमच्याच घरावर. पण मीरांनी शस्त्र उचललं ते नेपियरची फौज त्यांच्या मुलखात घुसल्यावर. कौल दिल्यावर फौज आणायची हा प्रकार औट्रमला ओळखीचा असणार. कोपरगावचा इतिहास त्याच्या भिल्लांनी त्याला ऐकवला नसेल असं होणार नाही. सिंधच्या लुटीतला आपला सुमारे तीन हजार पौंडांचा वाटा त्याने स्वतःसाठी घेतला नाही, धर्मादायाला दिला.

पुढे तो पुन्हा महाराष्ट्रात आला. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानातले गडकरी बिथरले. तेही वंशपरंपरेने गड राखणारे, आणि त्यांचंही दुखणं भिल्लांच्या जागल्यासारखंच: पिढीजात हक्क नव्या कारभारात काढून घेतले गेले. या बंडात गडकऱ्यांनी साताऱ्याच्या रेसिडेंटाला वाटेत पकडून पन्हाळ्यावर कोंडलं. हा रेसिडेंट म्हणजे कन्नडचा तोच ओव्हन्स. औट्रम पन्हाळा घेणाऱ्या फौजेत होता, पुढे मनोहर-मनसंतोष गडांवर गेला, आणि नंतर ओव्हन्सच्या जागी साताऱ्याला बसला. बडोद्याला रेसिडेंट असताना लाचलुचपतीवर त्याने जो अहवाल लिहिला, त्याच्यामुळे ‘खटपट’ हा आपला शब्द विलायतेतल्या सरकारी कागदांत शिरला. मुंबई सरकारने त्यापायी औट्रमलाच बडोद्यातून हलवलं.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा अडथळा अवधचा आहे. फेब्रुवारी १८५६ मध्ये वाजिद अली शाहचं राज्य खालसा झालं, तेव्हा रेसिडेंट औट्रमच होता. कारभार कंपनीने घ्यावा असा अहवाल त्याचाच. नबाबाने सही नाकारली आणि डोक्यावरची पगडी काढून त्याच्या हातात ठेवली. इथे कौल पाळणारा फौजदार कुठे गेला? याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, आणि चरित्रकारांकडेही नाही. नबाबाच्या गैरकारभाराने रयत पिचली होती ही त्याची बाजू. पण ज्या तहांच्या पावित्र्यासाठी तो सिंधमध्ये नेपियरशी भांडला, ते अवधमध्ये त्याला आठवले नाहीत. त्याची किंमत दीड वर्षाच्या आतच दिसली. इराणची छोटी मोहीम जिंकून तो परत येतो तोवर १८५७ च्या उठावात लखनौ वेढलं गेलं होतं.

लखनौच्या कुमकेत त्याने हुद्दा वरचा असूनही सेनापतित्व जनरल हॅवलॉककडे ठेवलं आणि स्वतः स्वयंसेवक स्वारांत सामील झाला, हे प्रसिद्ध आहे. त्या स्वारांच्या हल्ल्यात त्याच्या हातात तलवारीऐवजी वेताची जाड काठी होती, ही गोष्ट सहसा गंमत म्हणून सांगतात. मला ती गंमत वाटत नाही. चौकीवरच्या माणसाच्या हाताला काठीची सवय असतेच. पण या युद्धात त्याने केलेली खरी मोलाची गोष्ट लढाईनंतरची आहे. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडल्यावर गव्हर्नर जनरल कॅनिंगने जाहीरनामा काढला: सहा जण सोडून अवधच्या सगळ्या तालुकदारांची जमीन जप्त. औट्रम तेव्हा अवधचा चीफ कमिशनर होता. त्याने वर लिहिलं, की ज्याची जमीन गेली त्याला शरण येण्यात काय फायदा? तो जंगलात शिरेल आणि शेवटपर्यंत लढेल. त्याच्या हट्टामुळे जाहीरनाम्यात सवलतीचा मजकूर वाढवला गेला, आणि पुढे तालुकदार परतले ते जमिनी परत मिळाल्या म्हणून. हे १८२५ चं खानदेशी गणितच होतं. जो माणूस या बाबतीत मऊ पडला असा ठपका कलकत्त्याने ठेवला, त्याने लखनौजवळची आलमबाग जवळजवळ चार महिने तुटपुंज्या फौजेनिशी धरून ठेवलेली होती. त्याला लढता येत नव्हतं असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

याच गणिताची उलटी बाजू त्याच महिन्यांत, त्याच्या जुन्या मुलखात घडत होती. सेंधवा घाटाची रखवाली खाजा नाईकाकडे होती. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा हा मोक्याचा घाट, आणि नाईकाच्या घराण्याकडे तो बापापासून आलेला. पकडलेला एक आरोपी मेला म्हणून सरकारने त्याला कैदेत टाकलं, नोकरीवरून काढलं; १८५७ ची धामधूम सुरू झाल्यावर गरज पडली तेव्हा परत घेतलं. फार उशीर झाला होता. खाजाने बंड उभारलं, घाटातून जाणारा सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला, भीमा नाईकासह शेकडो भिल्ल जमवले. सरहद्दीवरचा पोलीस युद्धातला सैनिक झाला, हे वर्णन खरं तर त्यालाच अधिक शोभतं. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली. धरलेल्या भिल्लांना तिथेच गोळ्या घातल्या गेल्या, शेकडो बायका कैद झाल्या. औट्रमची भिल्ल पलटण या धामधुमीत सरकारकडेच राहिली. तिच्या शिपायांना पगार मिळत होता, खाजाचा मिळायचा थांबला होता. एवढ्याने दोन्ही बाजूंची सगळी कारणं संपतात असं नाही, पण फरक तिथून सुरू होतो.

खाजा नाईकाला १८६० मध्ये दगा करून मारलं. त्याच साली औट्रम खालावलेल्या तब्येतीने हिंदुस्थान सोडून गेला, आणि ११ मार्च १८६३ ला फ्रान्समधल्या पो गावी वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचं स्मारक आहे. मधे लखनौला औट्रम, हॅवलॉक आणि सरसेनापती कॅम्पबेल भेटले तो प्रसंग कोरलाय, वर अर्धपुतळा, आणि दोन बाजूंना शोक करणारी दोन माणसं उभी केलीत. एक सिंधी सरदार, दुसरा भिल्ल नाईक. भिल्लाच्या आकृतीखाली नाव नाही.